चौथ्या ओळीपर्यंत हात धुणे

प्रिय दौत यास,

बाकावरच्या शेजाऱ्याचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझ्या सूनबाई, दोघंही तुझ्याशी बरे वागत असतील अशी आशा करतो. (दौत म्हटलेलं अजून चालतं ना? ज्याने वर्षभर माझ्या सदऱ्यावर शाई सांडली, त्याला दुसऱ्या नावाने हाक मारायला जीभ वळत नाही.)

मी पणजोबा झालो हे तुला कळलंच आहे. नात बाळंतपणाला इथेच आली, पण पणतीला मी अजून दाराबाहेरूनच पाहतो. नात पडली नर्स. मी पहिल्याच दिवशी खोलीच्या दारात शिंकलो आणि तिने बोट दाखवलं. "आजोबा, मागे! आधी स्वतःची प्रतिकारशक्ती वाढवा, मग बाळाला घ्या." मी औषधाचं नाव विचारलं, तर म्हणे, "ती बाटलीत मिळत नाही. वेळेवर झोप, फिरणं, फळं-भाज्या, थोडं कोवळं ऊन. आणि हात स्वच्छ!"

लागलो कामाला. फळं खातो, भाज्यांशी बोलणी चालू आहेत. उन्हासाठी चाळीच्या सामायिक गॅलरीत खुर्ची टाकली. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत गेलो (डोक्यात आपला वर्ग, खिडकीतून येणारा तो पिवळा पट्टा, तो गुरुजींच्या टकलावर पोचला की मधली सुट्टी) आणि भानावर आलो तो शेजारच्या शिंपीणबाईंच्या दारात. त्या बिचाऱ्या टेप घेऊन माझ्या खांद्याचं माप घेत होत्या.

पण खरा घोळ हातांनी केला. नात म्हणाली, साबण लावून एक कडवं म्हणा, तेवढा वेळ पुरतो. हे तिने मला सांगावं! मी नळाशी उभा राहून आपली ढगाची कविता सुरू केली:

ढग गेला घरावर,
छाया पडे अंगणात,
मूल धावे उचलाया…

आणि पुढची ओळ गायब. कडवं अर्धं टाकून हात पुसायचे? गुरुजींनी बाकावर उभं केलं असतं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच अडलो. मागे आमची ही भांडी घेऊन ताटकळलेली ("अहो, हात धुताय की विहीर उपसताय?") आणि तिच्या पुढे घुसून, ऑफिसला उशीर झालेले चिरंजीव माझ्या मानेवर शिंकत होते. सर्दी त्याची होती. दोन दिवसांत माझी झाली. मी गार पाण्याला दोष दिला, तर नात म्हणाली, "पाण्याने नाही आजोबा, तुम्ही लावलेल्या रांगेने." बंदी वाढली.

आता शिंका थांबल्यात. दार मात्र बंदच आहे.

तुझाच,
बाकाच्या खिडकीकडचा

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की चौथी ओळ उलट टपाली कळव. त्याशिवाय नळ बंद होत नाही.

ता. क. २. त्या वर्गातले आता आपण दोघंच. ओळ फक्त तुझ्यापाशी आहे. तेव्हा ऊन, झोप, फळं तूही घे. तुला शिंकायची परवानगी नाही.

ता. क. ३. अक्षर वाकडं आलंय, कारण डाव्या हाताने लिहितोय. कडव्याला कंटाळून नातीने घड्याळ लावून माझे हात स्वतः धुतले, आणि उजव्या हातावर पणती झोपली आहे. ओळ टपालाने नको. धडधाकट राहा आणि हिच्यासमोर स्वतः येऊन म्हण. येताना हात धुऊन ये. शाई निघेपर्यंत.