एस्तेरबद्दल चार ओळी

१७ जानेवारी १९७८, मंगळवार

चर्चचे पाळकसाहेब वाशिमहून आले होते. २९ तारखेच्या उपासनेत एस्तेरची आठवण वाचायची म्हणतात. लिहायची मी. तू शिक्षिका, सख्खी बहीण, तुझ्याशिवाय कोण लिहिणार? मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार!

ती जाऊन आठ दिवस झाले. कावीळ. अप्पा आणि मी पुण्याला पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती.

१८ जानेवारी

'कु. एस्तेर जानराव सोनवणे, जन्म १९४७, जऊळका.' एवढंच लिहिलं. फाडलं.

२० जानेवारी, शुक्रवार

हेडमास्तरांनी विचारलं, तुमची बहीण पुण्यात नक्की करायची काय? काय सांगू? एका कारखान्याच्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहायची. अकोल्याला गणित घेऊन बी.एस्सी. झाली, मग पुण्यात शिकली. मशीनला काय करायचं ते पायरीपायरीनं लिहायचं, ते भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवायचं. एक पायरी चुकली तर सगळं चुकतं, असं सांगायची. मला कधीच नीट कळलं नाही. मी नीट विचारलंही नाही.

अप्पांना मात्र कळायचं. जन्मभर रेल्वेत पॉइंट्समन होते ना, रुळांचे सांधे बदलायचे. सांधा चुकला तर गाडी भलत्याच रुळावर जाते, ते म्हणायचे. बापलेक तासन् तास बोलत बसायची. मी भाकरी करत असायची.

२२ जानेवारी, रविवार

वाशिमला देवळात गेले. अप्पा आले नाहीत, डोळ्यांना आता फलाटसुद्धा धड दिसत नाही. आम्ही अकरा जण. लहानपणी बाकं पुरायची नाहीत.

जिकडे बघावं तिकडे तीच. टेबलावरचं क्रोशाचं पांढरं कापड तिचं. बाकांवरच्या गाद्या तिच्या. नाताळचे तारे – वाया गेलेल्या कार्डांचे, भोकांतून दिवा दिसतो असे – अजून कुणी उतरवलेले नाहीत. मंडळीत मूल जन्मलं की ती पुण्याहून गोधडी पाठवायची. जमनाबाई उपासनेनंतर माझा हात धरून रडली. बंजारा तांड्यातली बाई, पण एस्तेरनं कशिदा तिच्याकडूनच शिकलेला. सुट्टीत आली की आधी तिच्याकडे, मग घरी. "तुह्या बहिनीचा टाका उलट्या बाजूनंबी सारका दिसे," म्हणाली.

हे लिहायला हवं. बसले, पण हात चालला नाही.

२५ जानेवारी

रेल्वे पार्सलनं तिची पेटी आली. तीन साड्या, बायबल, सुया, अर्धवट गोधडी. सोबत ऑफिसातल्या मैत्रिणीचं पत्र. लिहिते, एस्तेर २० डिसेंबरपर्यंत कामावर येत होती. डोळे हळदीसारखे पिवळे, तरी येत होती. आम्ही सगळ्या म्हणायचो, घरी जा. ती म्हणायची, घरी सध्या अडचण आहे.

अप्पांनी विचारलं, काय लिव्हलं? मी म्हटलं, चांगली होती म्हणून लिहिलंय.

२७ जानेवारी

जमत नाही.

२८ जानेवारी, शनिवार

या वहीत तरी लिहिते.

ऑक्टोबरात तिचं पत्र आलं होतं, माझ्या नावे, शाळेच्या पत्त्यावर. 'ताई, अंगात त्राण नाही. डॉक्टर विश्रांती घे म्हणतात. महिनाभर घरी येऊ का? तुला त्रास होणार नाही, मी माझं करीन.' मी उत्तर लिहिलं, आत्ता नको, अप्पांची तब्येत बरी नाही, नाताळात ये. अप्पांची तब्येत ठणठणीत होती. नाताळात ती दवाखान्यात होती.

का लिहिलं तसं? ती आली की घर तिचं व्हायचं. अप्पा तिचे, जमनाबाई तिची, देवळातल्या बायका तिच्या. मी अकरा वर्षं अप्पांचं सगळं करते, त्यांची पत्रं वाचते, आणि ती चार दिवस आली की माझी आठवण कुणाला राहत नाही. महिनाभर हे बघवणार नाही असं वाटलं. इतकंच. याहून मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

उद्या उभी राहून वाचणार, आमच्या कुटुंबाचा आधार होती वगैरे. लिहून तयार आहे. एक पान. चांगलं झालंय.

२९ जानेवारी, रविवार

वाशिमच्या गाडीची वाट बघत अप्पा आणि मी फलाटावर बसलो होतो. तिथंच अप्पांना सगळं सांगितलं. पत्र, उत्तर, सगळं.

त्यांनी रुळांकडे तोंड केलं. मग म्हणाले, "मले ठाऊक होतं, ललिता. तुह्यं उत्तर गेल्यावर तिनं मलेबी पोष्टकार्ड टाकलं. पोष्टमननं वाचून दाखवलं. तुले नको होती ती, म्हून मी गप रायलो. तू रुसली असती तं माह्यं कोन करते?"

गाडी आली. आम्ही दोघंही उठलो नाही.