मी भाडेकरूच!

१ बहमन (सरकारी फसली महिना), सकाळ
सरकारचा नवा इन्कम टॅक्स आलाय. वकील म्हणाले, नोकरीपायी परगावी खोली घेऊन राहणाऱ्याला सूट मिळते. म्हणजे मलाच! घर भालकीला, कापसाच्या जिनाची मॅनेजरी बीदरला. खोली सासरेबुवांच्या माडीवर, पण म्हणून कोणी घरजावई होत नाही. चुलतभाऊ श्रीपतराव भालकीत दर लग्नात मला तसं म्हणतो. सरकारी कागदावर 'भाडेकरू' लागलं, की त्याचं थोबाड बंद. भाडं अजून दिलेलं नाही, ते उद्यापासून.

३ बहमन
शी! काय ही खोली! ढेकूण, खाली चिंचेचा कुबट वास, उशीवर मांजरीचे केस. फुकट इथं कोण राहील? भाडं द्यायला गेलो. सासरेबुवांनी कानावर हात ठेवले. जावयाकडून भाडं घेतलं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणाले. पैसे देवापुढं ठेवून आलो. संध्याकाळी तेच पैसे नारळ-विड्यासह माझ्याच हातात! नको म्हणणं बरं दिसलं नसतं. घेतले.

६ बहमन
अन्नपूर्णा म्हणाली, एवढी किळस येतीय तर दुसरी खोली बघा की. शेजारच्या बसवंतप्पाची बघितली. पाणी खारट, वर स्वयंपाक आपला आपण. छे! बायकोला कळत नाही, हा प्रश्न पैशाचा नाही, इज्जतीचा आहे. टॅक्सच्या सवलतीचा अर्ज टाकला. कायमचा पत्ता ठसठशीत लिहिला: भालकी.

९ बहमन
इन्स्पेक्टर उद्या चौकशीला येणार. सासूबाईंना पढवलं: विचारलं तर 'भाडेकरू हायत' म्हणा. व्हय म्हणाल्या. जिंकलो!

१० बहमन
सासूबाई दाराआडून बोलल्या, व्हय, भाडेकरू हायत. मी मिशीवर हात फिरवला. इन्स्पेक्टरनं विचारलं, भाडं किती? तर म्हणाल्या, अगं बाई, भाडं कसं घ्यावं, जावई हायत न्हवं! वर त्याला धपाटे वाढले. मेल्यानं खाल्लेही.

२२ बहमन
अर्ज नामंजूर. 'सासऱ्याच्या घरी विनाभाडं राहतो.' हुकूम कायमच्या पत्त्यावर गेला. मी भालकीला नाही, म्हणून चावडीवर वाचून दाखवला. वाचायला पुढं झाला श्रीपतराव! दोनदा वाचला म्हणे. थू! या घरात आता पाणीसुद्धा पिणार नाही. ट्रंक भरली.

२३ बहमन
सासरेबुवांनी ट्रंक उचलून खालच्या मोठ्या खोलीत नेली. म्हणाले, आता साऱ्या भालकीला कळलंच हाय, तर वर ढेकणांत कामून झोपायलात? काय ही लाचारी! शिसारी आली.
झोप मात्र छान लागली.