नंदूची कावीळ

कळंब, १४ सप्टेंबर २००४

चि. नंदकिशोर यास अ. उ. आशीर्वाद.

फोन केला की तुझे कार्यकर्तेच उचलतात, म्हणून पत्र. परवाच्या सभेत कापसाच्या भावावर छान बोललास. मग म्हणालास, आपण जन्मात गांजाला शिवलो नाही. मी पहिल्याच रांगेत होते रे! सवयीनं टाळ्याही वाजवल्या.

माझा पियूष यवतमाळच्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे. तिथून दोनदा पळाला. म्हणतो, यातून कोणीच सुटत नाही, सुटलेला एक तरी माणूस मले दाखव. तू त्याचा सख्खा मामा. त्याला एकदा खरं सांग. मला माझं पोर परत हवं आहे.

चि. सौ. गुंजनला आशीर्वाद.
तुझी रजनीताई


पांढरकवडा, १९ सप्टेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तू पण ना! कॉलेजात मला कावीळ झाली होती, म्हणून वर्ष बुडालं. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. शेजारच्या बिजलीबाई रोज उसाचा रस आणायच्या. विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देऊ नकोस. पियूषला फळं पाठवतो.

लोभ आहेच, मतही असू दे.
नंदू


कळंब, २३ सप्टेंबर

चि. नंदूस आशीर्वाद.

अरे, कावीळ मीच शोधून काढली होती. शेजारी विचारतील म्हणून आईला मीच तसं सांगायला लावलं. बिजलीबाईंचा रस तुला पाहवत नसे, पेला मी संपवायचे. सांगून सांगून तुलाच ती खरी वाटायला लागली. तुला दोष देत नाही, खोटं बोलायला मीच शिकवलं.

पण कालपासून पियूषनं जेवण सोडलं आहे. मला फार भीती वाटते.

तुझी ताई


पांढरकवडा, २६ सप्टेंबर

चि. पियूषला आशीर्वाद.

मी दोन वर्षं गांजा ओढत होतो. सुटायला चाळीस दिवस लागले. पहिले दहा दिवस मी तुझ्या आईला वाट्टेल त्या शिव्या दिल्या, आणि ती हात धरून बसून राहिली. आपल्याच्यानं होणार नाही असं मलाही वाटायचं. पण सुटतो रे माणूस.

लाजेपोटी आजवर सगळ्यांना नाही म्हणत आलो. उद्या कोणी विचारलं तर पुन्हा नाही म्हणेन की काय, माझा मलाच भरवसा नाही. म्हणून खाली पूर्ण नावानं सही करतो. केंद्रात ज्याला दाखवायचं त्याला दाखव.

आधी दोन घास खा.

तुझा मामा,
नंदकिशोर विठ्ठलराव देउळकर
उमेदवार