वास नसलेली जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

शी! घरी येऊन दोनदा अंघोळ केली, तरी त्या जागेचा वास नाकातून जात नाही. सगळ्या पोरांची डोकी सारखी भादरलेली, अंगात एकाच मापाचे सदरे — मुलगा कोण, मुलगी कोण, कळेना. एक पोर चादरीच्या पट्टीने खिडकीच्या गजाला बांधलेलं. विचारलं तर तिथला व्यवस्थापक म्हणतो, "पडू नये म्हणून हो. काळजीपोटी." काळजीपोटी! आणि हे सांगताना दात कोरत होता.

"आपल्या पोरीला इथे?" म्हणून मी ह्यांच्याकडे वळले, तर हे आधीच फाटकाबाहेर.

तेरा वर्षांची झाली आमची लेक. चालत नाही, बोलत नाही, घास भरवावा लागतो, सगळं धुवावं लागतं. घरात तिला बाईसाहेब म्हणतो, कारण हुकूम तिचाच चालतो. आता माझ्या पाठीचा मणका सरकलाय. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन करा आणि मुलीला उचलणं कायमचं विसरा. नाहीतर तिच्या शेजारी तुमचंही अंथरूण घालावं लागेल." हसत म्हणाले मेले!

हे कारखान्यात पाळ्या करतात. म्हणजे बाईसाहेबांना अशा मुलांच्या एखाद्या संस्थेत राहायला ठेवायचं. लिहिलं एकदाचं. लिहिताना सुद्धा किळस येते.

७ फेब्रुवारी

जाऊबाईंचा फोन. "परक्यांच्या दारात टाकता पोरीला? आम्ही काय मेलो का?" म्हटलं, "मग ऑपरेशनपुरती न्या तुमच्याकडे." लगेच त्यांचे गुडघे दुखायला लागले!

१० फेब्रुवारी

दुसरी जागा. नाव एवढं भारदस्त की पाटीवर दोन ओळींत मावलेलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! आम्हाला देणगीदार समजले. पोरांना रांगेत बसवून टाळ्या वाजवायला लावल्या. एकाला हात हलवता येत नव्हते, तर एक बाई मागून त्याचे हात धरून वाजवत होती. तो वर छताकडे बघत होता.

"ही देवाची मुलं," संचालक म्हणाले. मग देवाने एखादं फडकं तरी जास्त द्यायचं! बाई एकाच फडक्याने एका पोराचं तोंड पुसे, मग टेबल, मग पुढच्या पोराचं तोंड.

आम्ही मुलीच्या प्रवेशासाठी आलोय हे कळल्यावर हातातला चहाचा ट्रे घेऊन शिपाई आल्या पावली परत गेला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज हद्द झाली. तिसरी जागा गावाबाहेर, एका गॅरेजच्या मागे. फाटकापासूनच लघवीचा वास! मी रुमाल नाकाला लावला तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

आत नुसता गोंधळ. कोणी किंचाळतंय, कोणी डबा बडवतंय, दोरीवर ओल्या चादरीच चादरी. चालवणारी बाई केस कापलेली, अंगातल्या झग्यावर कसले कसले डाग, आणि आवाज — भोंगा! मी मनात तिचं नावच भोंगाबाई ठेवलं. आमच्याशी बोलता बोलता मध्येच ओरडायची, "चला रे, पाणी!" की मदतनीस बाया पेले घेऊन फिरायच्या. पेल्यांवर पोरांची चित्रं चिकटवलेली. पुन्हा थोड्या वेळाने "पाणी!" सारखं पाणी पाजायचं, मग वास येणार नाही तर काय होणार? एवढी साधी अक्कल नाही.

एका पोराने लाळेचा हात माझ्या गालावर ठेवला. पुसून पुसून गाल लाल केला.

गाडीत हे म्हणतात, "मला बरी वाटली जागा." बरी!! मी म्हटलं, "तुम्हाला नाक आहे की नुसता चष्मा ठेवायला खुंटी?" तर म्हणाले, "तू नाकाने कांदे सोलणं बंद कर. घरी तरी काय अत्तर दरवळतंय?"

१७ फेब्रुवारी

बाईसाहेबांना अंघोळीच्या पाटावर घेताना पाठीत अशी कळ आली की तिला घेऊन खालीच बसले. ती खुदुखुदु हसली. तिला वाटलं खेळ आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडली! सापडली!! इतके दिवस नुसती घाण लिहितेय, आज चांगलं लिहायचं.

वास नाही. कसलाच नाही! फिनेलचाही नाही, म्हणजे वास झाकलेला नाही, मुळात नाहीच. मी कोपऱ्यात उभी राहिले, संडासात डोकावले, कोणी बघत नाही असं पाहून उशीला नाक लावलं. कोरी करकरीत. पांढऱ्या चादरी, मुलांची नखं कापलेली, कोणी किंचाळत नाही. आपापल्या खुर्चीत शांत बसलेली.

संचालिका मॅडम हळू, गोड बोलतात. मी स्पष्ट सांगितलं, "मला वासाचं फार आहे हो. तेवढं एक सांभाळा." म्हणाल्या, "तुम्हाला तक्रारीला जागा ठेवणार नाही." असं कोणी बोललं की जीव भांड्यात पडतो.

हे बाहेर आल्यावर म्हणाले, "फारच शांत आहे गं." म्हटलं, "तुम्हाला सुख बोचतं."

१ मार्च

सोडून आलो. पहिले पंधरा दिवस भेटायचं नाही, सवय लागू दे म्हणाल्या. कपड्यांवर नाव घालायचं होतं. सगळ्या फ्रॉकांवर बाईसाहेब असंच शिवलं. खरं नाव तिला कुठे कळतं?

घरात पाऊल टाकलं आणि तिच्या पलंगाखालची बादली तशीच. रडले. काय रडले!

९ मार्च

ऑपरेशन चोवीस तारखेला ठरलं. झोप लागते. लागते याची शरम वाटते. चांगल्या जागी आहे, चांगल्या जागी आहे, असं घोकत असते.

१६ मार्च, रविवार

आज भेटायला गेलो. आता घरी आलोय. ती इथे शेजारी आहे.

बाईसाहेब स्वच्छ. भांग पाडलेला. जवळ घेतलं, कानामागे नाक लावलं — नुसता साबण. मग ओठ पाहिले. फुटलेले, कोपऱ्यात खपली. जीभ कोरडी, पांढरी. डोळ्यांत झापड.

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, मला प्यायची होती म्हणून. आणि तिने हात पुढे केला. जिने जन्मात कधी कशासाठी हात पुढे केला नाही, तिने! बाटली तोंडाला लावली तर दातांनी धरली, सोडेना. घटाघटा, ठसका लागला तरी सोडेना. वर पाहिलं तर त्या खोलीतली सगळी शांत मुलं माझ्या हातातल्या बाटलीकडे बघत होती. एकाच्याही तोंडून आवाज नाही. मी तशीच उठले, दिसला तो नळ सोडला, बाटली भरभरून फिरले. हे माझ्यामागून पेला शोधत होते. सबंध खोलीत एक पेला नाही!

मॅडम धावत आल्या. "अहो, काय करताय! दुपारनंतर आम्ही पाणी देत नाही. सकाळचं काय ते पुरतं त्यांना. रात्रभर गाद्या कोण बदलणार?" मी काय बोलले आठवत नाही, ओरडले एवढं खरं. त्यांचं उत्तर मात्र शब्दन् शब्द आठवतं. तशाच हळू, गोड आवाजात म्हणाल्या, "पालकांना वास चालत नाही हो. तुम्हीच नाही का सांगितलंत?"

ह्यांनी बाईसाहेबांना उचललं आणि आम्ही निघालो.

इतकी घाण पाहिली या दीड महिन्यात. दात कोरणारा पाहिला, ते फडकं पाहिलं. पण आजच्याइतकी किळस कशाचीच आली नाही — माझ्या या नाकाची. मी उशी हुंगत होते आणि पोरं तहानलेली होती!

१७ मार्च

सरकारी कचेरीत तक्रार द्यायला गेले. साहेब म्हणाले, "ती जागा? अहो, आम्ही तपासणीला जातो तिथे. किती स्वच्छ असते!" म्हटलं, "तेच तर सांगतेय." कळेना त्यांना. हटले नाही. टेबलासमोर बसून राहिले, शेवटी वैतागून उद्या दुपारी माणूस पाठवतो म्हणाले. म्हटलं, मीही येते. पाण्याचं पिंप घेऊन येते.

१८ मार्च

माणूस आला. पिंपही नेलं. मुलं कशी प्यायली ते त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसत बसला. पुढे काय होतं बघू. सोडणार नाही.

१९ मार्च, बुधवार

गॅरेजमागे गेले, एकटी. काय तोंडाने जाऊ, असं झालं होतं. भोंगाबाईंनी लांबूनच ओळखलं. "तुम्ही रुमालवाल्या ना?" मान खाली घातली. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता ऐकवतील. तर त्या मध्येच वळून ओरडल्या, "चला रे, पाणी!" मग मला म्हणाल्या, "शनिवारी आणा तिला. पण वास आहे हं आमच्याकडे."

पेल्यावर लावायला तिच्या आवडीचं काहीतरी चित्र आणा, असंही म्हणाल्या. मी आणि हे रात्री बसून ठरवत होतो. शेवटी ह्यांनी भलंमोठं नाक काढलं! कितीतरी दिवसांनी हसलो.

२३ मार्च, रविवार

ऑपरेशन उद्या. काल तिला भोंगाबाईंकडे सोडलं, आज बघून आले.

फाटकातच वास आला. म्हटलं, चला, बाईसाहेब पाणी प्यायल्या!