मैनेची साक्ष आणि तुझी बाटली

नाही, विमानात मला काही झालं नाही. चक्कर नाही, कान नाही, पोट नाही. तू विचारलं नाहीस हे मला माहीत आहे, पण मनात असणारच, कारण निघताना तुझी बायको माझ्या पिशवीत लिंबं कोंबत होती ती काही सरबतासाठी नव्हती. लिंबं विमानतळावरच्या अधिकाऱ्याने काढून घेतली. त्यांचं काय करणार म्हणून विचारलं तर नुसता हसला. हसणाऱ्या अधिकाऱ्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

असो. धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचा प्रभूमध्ये सलाम. तुझा गुडघा, भावजयीचा खोकला आणि घरातली बाकीची दुखणी आपापल्या जागी ठीक आहेत असं धरून चालते, कारण उत्तराची वाट बघत बसायला मला वेळ नाही. मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे जागी आहे. गादी इतकी मऊ आहे की माणूस एकदा आत गेला की सकाळी कोणीतरी ओढून काढावं लागतं. परक्या माणसाला इतकी मऊ गादी कोण देतं? ज्याला काहीतरी हवं असतं तो. मी गादी उचलून खाली बघितलं. काही नव्हतं. म्हणजे नीट लपवलंय.

आता या सहलीचं सांगते. (सहल म्हणायचं नाही, सेवा म्हणायचं, असं टाळीवाला म्हणतो. टाळीवाला म्हणजे आपल्या कॉलेजच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळाचा तो गिटारवाला पुढारी. भाजी वाढली तरी पोरांना टाळ्या वाजवायला लावतो.) मुली परदेशात जायच्या तर बरोबर कोणीतरी करडं बाईमाणूस हवं, म्हणून प्राचार्यांनी वसतिगृहाची मेट्रन पाठवली, म्हणजे मला. वर स्वयंपाकही माझ्याच गळ्यात. पोरांनी इथे येऊन काय सेवा केली म्हणशील, तर इथल्या चर्चच्या मंडळीच्या सभागृहाची एक भिंत निळी रंगवली. भिंतीला काय धाड भरली होती ते मला कळेना. इथले पाळक दोन्ही हात जोडून आभार मानत होते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुपारी सगळे झोपल्यावर मी खिळ्याने एका कोपऱ्यात खरवडून बघितलं. निळ्याखाली पिवळा, पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली गुलाबी. येतील ते विद्यार्थी हीच भिंत रंगवून जातात! पाळकबाईंना मी तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलं लांबून येतात हो, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?" (हे दुभाषीण बाईंकडून कळलं. त्या आपल्याकडच्या, लग्न करून इथे आलेल्या. सारखं विणकाम करतात. कोणासाठी ते सांगत नाहीत.)

पण भिंतीसाठी मी पत्र लिहीत नाही. पत्र तुझ्यासाठी लिहितेय, तेव्हा बस.

रोज संध्याकाळी सभा असते आणि सभेत आपल्यातल्या एकाने उभं राहून साक्ष द्यायची असते. तुला साक्ष माहीत आहे, पण टाळीवाल्याने तिचाही साचा करून ठेवलाय: आधी मी कसा होतो, मग प्रभू कसा भेटला, आता मी कसा आहे. झालं, पोरांची पंचाईत. या पोरांना "आधी" आहेच कुठे? सगळी पाळकांची, मास्तरांची, नर्सबाईंची लेकरं. पाळण्यात बाप्तिस्मा, संडे स्कूलमध्ये बक्षिसं, दर उपासनेला पहिल्या बाकावर. एकाने उभं राहून सांगितलं की तो लहानपणी वर्गातले खडू चोरायचा. मंडळी वाट बघत राहिली, पुढे काही येईना. एकजण म्हणाली, मी आईला उलट बोलायचे. इथल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण त्यांच्या पोरी रोजच बोलतात. टाळीवाल्याचा चेहरा असा झाला की टाळीसुद्धा सुचेना. मी मागे स्वयंपाकघराच्या दारात भाताचं पातेलं धरून उभी होते आणि म्हटलं, बरं झालं. पाप नाही तर नाही. ते काय बाजारातून आणायचं?

शेवटी उरली आपली मैना. नाव तू मैना ठेवलंस आणि पोरीने उभ्या जन्मात हो-नाही हनुवटीने सांगितलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला झाड केलं होतं, तरी ती रडत घरी आली होती, आठवतंय ना? मला वाटलं, आता ही उभी राहणार, बोबडी वळणार आणि मला पातेलं सोडून धावावं लागणार. मैना उभी राहिली. फ्रॉकचं टोक धरलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "माझे बाबा दारू प्यायचे."

पातेल्याचं झाकण पडलं. माझ्याच हातून.

अरे, तू! खोकल्याच्या औषधाची बाटली उघडून लेबल वाचणारा तू, प्रभुभोजनाच्या द्राक्षरसाचा आधी वास घेणारा तू, दारूबंदी मंडळाचा चिटणीस तू! आणि पोरगी काय एकेक सांगत होती. म्हणे बाबा संध्याकाळी कोपऱ्यावरूनच मोठ्याने गीत म्हणत यायचे आणि तिसरं कडवं पहिल्याच्या आधी आलं की आई आम्हाला आतल्या खोलीत घ्यायची. म्हणे बाटली पाण्याच्या टाकीत दोरीला बांधून सोडलेली असायची. म्हणे एके सकाळी बाबांनी ती परसातल्या दगडावर फोडली आणि मग दुपारपर्यंत एकेक काच हाताने वेचली, आमच्या पायाला लागू नये म्हणून. दुभाषीण बाई रडत रडत भाषांतर करत होत्या. सगळं सभागृह नाकं शिंकरत होतं. मी एकटी डोळ्यांनी कोरडी होते, कारण माझं सगळं पाणी घामात गेलं होतं.

आणि तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा सुतार उठला. हा इथला सुतार चांगला धिप्पाड आहे, पण हात थरथरतात, म्हणून त्याला दारं बसवायला कोणी बोलवत नाही. बायको त्याला दंडाला धरून सभेत आणते आणि संपल्यावर धरून नेते. तो पुढे आला, कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटी बाटली काढली आणि गीतांच्या पुस्तकांशेजारी टेबलावर ठेवून दिली. पाळकांना ती कुठे ठेवावी कळेना. (सगळे प्रार्थनेला गुडघे टेकून बसल्यावर मी जाऊन झाकण उघडून वास घेतला. पाणी नव्हतं.)

त्या दिवशी भांडी आवरताना मी मैनेला धरलं. म्हटलं, "काय बोललीस हे?" म्हणाली, "आत्या, सगळ्यांची साक्ष झाली होती. माझीच राहिली होती." "म्हणून बापाला दारू पाजलीस? भर सभेत?" त्यावर ती ताट पुसत राहिली. पुसून झालेलंच ताट. अगदी तुझी पोरगी.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी गायब व्हायला लागली. वसतिगृहात इतकी वर्षं काढल्यावर दुपारी गायब होणारी मुलगी म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. भानगड. खडूचोरावर माझा संशय होता, पण तो झोपलेला सापडला. मग टाळीवाल्यावर गेला, तर तो गिटारीच्या तारा लावत होता. वर माझ्या चपलाही नाहीशा झालेल्या. भिंत रंगवताना फरशीवर रंग सांडला म्हणून जोडे बाहेर काढायला लावले होते, तेव्हाच मी म्हटलं होतं की हे चोरीचं लक्षण आहे. शेवटी अनवाणी, हातात पोछ्याची बादली घेऊन (कोणी विचारलंच तर मी पुसतेय) सभागृहाच्या मागे गेले आणि मोडक्या बाकांच्या ढिगाआडून बघितलं.

सुतार जमिनीवर बसलेला. त्याच्यापुढे आपल्या सगळ्या पोरांचे जोडे ओळीने मांडलेले, माझ्या चपलांसकट, आणि तो ब्रशने एकेक चमकवतोय. एका बाजूला दुभाषीण बाई विणता विणता इकडचं तिकडे सांगतायत. समोर फळीवर मैना. आणि बोलतेय! विचारणारा सुतार, सांगणारी ती.

"मग संध्याकाळी हात बाटली मागायला लागले की?"

"बाबा घरातले सगळे जोडे पुसायचे."

"आणि ते संपले की?"

"मग तेच पुन्हा पुसायचे."

"पुसलेलेच?"

"पुसलेलेच."

सुताराने माझी पुसून झालेली चप्पल पुन्हा उचलली.

मी बादली तिथेच ठेवली आणि तडक पाळकांच्या खोलीकडे निघाले. म्हटलं, पुरे झाला हा तमाशा, खरं काय ते सांगून मोकळं व्हावं. माझ्या भावाने कधी थेंबाला स्पर्श केला नाही, पोरीने साचा भरायला गोष्ट रचली, माफ करा आणि निजा. पण वाटेत सुताराची बायको भेटली. तिने माझे दोन्ही हात धरले. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही, म्हणून तिने पाळकबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत मला ओढत नेलं, दुभाषीण बाईंना हाक मारून आणवलं आणि एकच वाक्य सांगायला लावलं. काल तो तिच्यासमोर बसून जेवला. बस, एवढंच. नुसतं जेवला. त्यासाठी ती बाई माझे हात सोडेना. मी म्हटलं, सोडा बाई, माझा भात करपेल. भात चढवलेलाही नव्हता.

पाळकांकडे मी गेले नाही. खरं सांगितलं तर तो माणूस पुन्हा शेवटच्या बाकावर, आणि शेवटच्या बाकावरून थेट गुत्त्यात. तेव्हा माझं तोंड बंद आहे. तुझी अब्रू इथे धुळीला मिळालीय, पण इथे तुला ओळखतो कोण? उलट बायकांच्या प्रार्थनेत रोज तुझं नाव घेतात, "त्या मुलीचे शूर वडील" म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा तुला कोणी शूर म्हणतंय, फुकट मिळतंय तर घे. पोरीला रागावू नकोस. बाकी सर्व ठीक. भावजयीला सलाम.

तुझी, थोरली बहीण

ता. क. हे खरं कामाचं. पुढच्या महिन्यात इथल्या मंडळीचा गट आपल्या कॉलेजात सेवेला येतोय, वर्गातले बाक दुरुस्त करायला. त्यात सुतार आहे, आणि भाषांतराला दुभाषीण बाई. तो वसतिगृहात राहायला तयार नाही, "शूर वडिलांच्या" घरीच राहणार म्हणतो. मी तुझ्या वतीने हो म्हणून टाकलंय, कारण तू तिथे आहेस आणि मी इथे. तो तुला विचारेल, पहिले दिवस कसे काढलेस, रात्री काय केलंस, पुन्हा कधी वाटलं का, वाटलं तेव्हा काय केलंस. तेव्हा "मी दारूबंदी मंडळाचा चिटणीस आहे" असं सांगत बसू नकोस. त्याला पत्रक नकोय, दारू सुटलेला माणूस हवाय. तो माणूस तुला व्हायचंय.

ता. क. दुसरा. टाकी, दोरी, कडव्यांची गडबड, हे सगळं पाठ कर असं लिहिणार होते. पण रोज संध्याकाळी घरादाराचे जोडे पुसत बसायची तुझी सवय मी स्वतः बघितलेली आहे, आणि आजवर तिला स्वच्छता समजत आले. म्हणून मघाशी मैनेला पुन्हा विचारलं की कार्टे, हे सगळं तुला सुचलं कुठून? तिने ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, तू आमच्याकडे कधी रात्रीची राहिली आहेस का?"

नाही राहिले. मी नेहमी दुपारची येते आणि उजेडाची निघते. तू मला कधी राहा म्हणाला नाहीस, आणि मला वाटायचं तुझ्या घरी अंथरुणं कमी आहेत.

तेव्हा खोटं असेल तर पाठ कर. खरं असेल तर पाठ करायची गरज नाही, त्याला जसं आहे तसं सांग. दोन्हींपैकी काय ते मला कळवू नकोस. मी विचारलेलं नाही, विचारणार नाही आणि या विषयावर आणखी एक अक्षरही लिहिणार नाही.