आधी कुर्द

शारजा, ता. २० फेब्रुवारी १९९७

प्रिय मित्र केरू यास जहूरचा स. न. वि. वि.

ईद बरी गेली, मी मात्र बरा नाही. आमची लेक इन्शा इथल्या हमरिया बंदरात नोकरीला आहे. तिथल्या बरान नावाच्या इंजिनिअरशी तिला निकाह करायचाय. मुलगा तुर्कस्तानचा, पण तुर्क नव्हे, कुर्द. मुसलमान, तोही आम्हा कोकण्यांसारखा शाफई पंथाचा. नाही म्हणायला जागाच नाही, हाच तर त्रास!

मी त्याला विचारलं, आधी मुसलमान की आधी कुर्द? मध्ये दुभाषी इन्शा. म्हणाला, आधी कुर्द. धर्म माझा नि अल्लाचा. त्याचं सरकार म्हणे सेक्युलर. इमामाला पगार तेच देतं, आणि याची भाषा शाळेत शिकवू देत नाही. दोन्हीकडे मुसलमानच! अशा पोराचं काही खरं आहे का? समजवायला गेलो तर इन्शा म्हणते, "इट्स माय लाईफ, बाबा."

२१ मार्चला त्यांचा नवरोज. आग पेटवून वरून उड्या मारतात म्हणे. त्या दिवशी हो की नाही सांगायचंय. लवकर लिही, जीव थाऱ्यावर नाही.

तुझा स्नेही,
जहूर

दाभोळ, ता. ८ मार्च १९९७

प्रिय जहूर यास केरूचा स. न. वि. वि.

पत्र वाचून हसलो, रागावू नकोस. एक्क्याऐंशीची शिरगणती आठव. गुरुजींबरोबर वह्या घेऊन मीच फिरत होतो. मौलाना सांगून गेले होते, मातृभाषा उर्दू लिहा. तू ओट्यावरून ओरडलास, उर्दूत मला धड शिवी देता येत नाही, मराठी लिहा! मौलानांनी तुला विचारलं होतं, आधी मुसलमान की आधी कोकणी? सहा महिने तू त्यांच्याशी बोलला नाहीस.

आणि आगीचं म्हणशील, तर शिमग्याच्या होमाला माझ्या कुंपणाची लाकडं कोणी चोरली?

मैमुनाबी वहिनींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
केरू

शारजा, ता. २२ मार्च १९९७

प्रिय केरू यास स. न. वि. वि.

मौलानांचं लिहायची काय गरज होती? मैमुनाने पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

काल वाळूत त्यांची आग पेटली. मी हो म्हणालो. फक्त एक अट घातली, घरात होणाऱ्या मुलांशी मराठी बोलायचं. बरानचा चेहरा उतरला. कुर्दी बोलायचं, ही अट तो मला घालणार होता. दोघेही हट्टाला पेटलो, निकाह मोडतो की काय असं झालं. शेवटी इन्शा मध्ये पडली आणि तिने आम्हा दोघांनाही इंग्रजीत गप्प केलं.

मुलं काय बोलणार, ते दोघांनाही तिथेच कळलं. कालपासून आमचं दोघांचं चांगलं जमतं.

तुझ्या कुंपणाचा अपराधी,
जहूर