तेरावे इंजेक्शन

प्रति,
मा. औषध मंजुरी अधिकारी,
मोफत औषध विभाग, खोली क्र. ९.

विषय : माझ्या वाट्याचे एक इंजेक्शन रांगेतील शिवणकाम करणाऱ्या बाईंना देण्याबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपले तीन नकार.

महोदय,

मी घड्याळे दुरुस्त करतो. मला प्रोस्टेटचा कर्करोग आहे. त्यावर शरीरातले हार्मोन दाबून ठेवणारे इंजेक्शन दर अठ्ठावीस दिवसांनी घ्यावे लागते. तेच इंजेक्शन बायकांच्या काही आजारांवरही चालते, म्हणून ते स्त्रीरोग विभागाच्या खिडकीवर मिळते आणि त्या रांगेत मिशीवाला मी एकटाच असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

१. वर्षात अठ्ठावीस दिवसांचे तेरा फेरे होतात. आपण इंजेक्शने बाराच मंजूर करता. पहिल्या अर्जावर आपण कळवलेत, की वर्षाचे महिने बारा असतात. दुसऱ्या अर्जाला मी कॅलेंडर जोडले. ते केवळ चालू वर्षाचे असल्याने ग्राह्य धरता येत नाही, असा शेरा आला. तिसरा नकार हाती देताना खिडकीवरचे कारकून म्हणाले, "काका, दोन दिवस पुढेमागे झाले तर काय बिघडतं?" माझ्याकडे घड्याळ दोन मिनिटे मागे पडले तरी लोक भांडायला येतात, हे त्यांना सांगून पाहिले. ते जेवायला गेले.

२. गेल्या वर्षी तेराव्याविना माझे एकोणतीस दिवस कोरडे गेले. रक्ततपासणीचा आकडा चढला तो पुन्हा उतरला नाही. त्यामुळेच असे झाले, असे मी म्हणत नाही; म्हटले तर त्याचीही चौकशी बसेल. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी इंजेक्शन बंद करून फक्त दुखणे थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. चालू वर्षाची माझी पाच इंजेक्शने तशीच शिल्लक आहेत.

३. रांगेत माझ्यापुढे असणाऱ्या बाई कपडे शिवतात. वय चौतीस, स्तनाचा कर्करोग, पदरात दोन लहान मुली. इंजेक्शनामुळे माझ्या अंगाची पहिल्यांदा लाही लाही झाली, तेव्हा त्यांनीच आपल्या फायलीने मला वारा घातला. म्हणाल्या, "घाबरू नका काका, माझंही असंच होतं." त्यांची बारा संपली. तेरावे येत्या १८ तारखेला हवे. नवी मंजुरी पुढच्या महिन्याच्या १७ तारखेपासून आहे. माझी जी गत झाली ती त्यांची होऊ नये, एवढेच म्हणणे आहे.

४. माझ्या शिल्लक पाचांतले एक त्यांना द्या, असे खिडकीवर म्हटल्यावर कळले, की लाभार्थी हयात असेपर्यंत त्याचे औषध दुसऱ्याला देता येत नाही आणि तो गेल्यावर मंजुरीच रद्द होते. म्हणजे मी जगलो तरी अडचण, मेलो तरी अडचण. यात मी नेमके काय करावे, हे नियमांत सापडल्यास कळवावे.

मला माझ्यासाठी आता काही नको. आपले उत्तर यायला साधारण सत्तर दिवस लागतात. तीनदा मोजले आहेत. बाईंपाशी पंधरा आहेत. माझ्यापाशी सत्तर असतील, असे डॉक्टरांना वाटत नाही. म्हणून उत्तर, होकार असो वा नकार, माझ्या पत्त्यावर न धाडता सोबतच्या पाकिटातून धाडावे. त्यावर बाईंचा पत्ता घातला आहे.

आपला नम्र व अद्याप हयात,
(सही)
लाभार्थी, मंजुरी क्र. ४१७
दिनांक : चालू महिन्याची ३

सोबत :
१. इंजेक्शन बंद केल्याची डॉक्टरांची चिठ्ठी
२. पाचही इंजेक्शनांवरचा हक्क सोडल्याचे पत्र
३. हयातीचा दाखला (आजचा)
४. पत्ता घातलेले, तिकीट लावलेले पाकीट